नासिरमामूंनी न पाहिलेला शेवट

अब्बांचा रियाधहून फोन आला, तेव्हा मी पुण्यात होस्टेलच्या मेसमध्ये होते. "नासिर गेला," एवढंच म्हणाले. नासिरमामू, माझ्या अम्मीचे धाकटे भाऊ. तिथल्याच अल सुलै भागातल्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवताना छातीत कळ आली आणि... हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं.

मामू दर शुक्रवारी नमाजनंतर आमच्या रियाधच्या घरी जेवायला यायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्याचं त्यांना फार कौतुक. गेल्या सुट्टीत मी कॉलेजच्या फिल्म क्लबमधून एक जुना, कृष्णधवल अमेरिकन सिनेमा आणला होता. छातीचं दुखणं बायकोपासून लपवणाऱ्या बँकेतल्या कारकुनाची गोष्ट. मी थांबवत थांबवत मराठीत सांगायची. मामू रंगून जायचे. "हा तर आपला कोकणीच गो! मरेल, पण घरात सांगणार नाही."

"तुझाच भाऊ शोभतो," अब्बा अम्मीला चिडवायचे.

शेवटी तो कारकून रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसतो. नर्स नाव पुकारते. तिथे मामू म्हणायचे, "थांबव गो. चहा टाक आधी." चहा व्हायचा, गप्पा गावाकडे वळायच्या. पुढच्या शुक्रवारी सिनेमा पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा तिथेच थांबायचा. मला वाटायचं, त्यांना तेवढाच आवडतो.

मग एकदा आमचा जिना चढताना ते कठडा धरून उभे राहिले. ओठ पांढरे पडलेले. मी म्हटलं, "मामू, दवाखान्यात जाऊ या."

"आणि तिथे काही निघालं तर? मेडिकलमध्ये नापास झालो की व्हिसा खलास, नोकरी खलास. गावाकडे माझ्या मुलींची शिक्षणं कोण करणार?"

मी अम्मीला सांगितलं. ती ओरडली, रडली. मामू "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत राहिले. माझी सुट्टी संपली.

आता महिन्याभराने घरी आलेय. काल शुक्रवार होता. जेवणं झाल्यावर अब्बा स्वतःहून म्हणाले, "तो सिनेमा लाव. आज पूर्ण बघू."

नर्सने नाव पुकारलं. कारकून उठला. डॉक्टर कितीतरी वेळ रिपोर्ट वाचत होते. मग काहीतरी बोलले. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं.

"वेळेवर आलात, म्हणतोय," मी सांगितलं. "औषधाने बरं होईल."

सिनेमा संपला. अब्बा हलले नाहीत. अम्मी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिकडे एक नजर टाकून ते हळूच म्हणाले, "मलाही येते तशी कळ..."

"कधीपासून?"

"नासिरच्याही आधीपासून."