कापणीआधीचा धूर

मोसमी वारे हा धडा मी लोणावळ्याच्या शाळेत इतक्यांदा शिकवला आहे, की आता तो झोपेतही म्हणता येईल. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो. समुद्र सावकाश तापतो, म्हणून तिकडची दमट हवा जमिनीकडे धाव घेते. वाटेत सह्याद्री आडवा येतो. मग ती वर चढते, थंड होते आणि सगळं पाणी आमच्या डोक्यावर ओतते. तळेगावपर्यंत पोचेस्तोवर तिच्याकडे फारसं काही उरत नाही. मुलं वहीत बाण काढतात. खिडकीबाहेर चार महिने धुकं, खडू दमट आणि माझे गुडघे दुखरे. खरं सांगायचं तर मला या पावसाचा मनापासून कंटाळा आला आहे.

लोणावळ्याजवळच औंढ्याला थोरला भाऊ आमची भातशेती बघतो. कापणीआधी तो बांधावर मूठभर पेंढा पेटवतो आणि धूर कुठे जातो ते बघतो. घाटाकडे गेला, तर वारा देशावरचा, कोरडा, कापायचं. तळेगावकडे गेला, तर कोकणातला वारा अजून हटलेला नाही, थांबायचं. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवावं लागतं. तेवढे दिवस कोरडे गेले नाहीत, तर वर्षाचं खाणं मातीत जातं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्याचा फोन आला.

"भात पिवळं झालंय. वाडीवरली मानसं उद्या येत्यात, मग न्हाई मिळायची. पर धूर तळेगावकडंच जातोय. काय करू गं?"

मी पेपर तपासून आंबले होते. मोबाइलवर नकाशा उघडला. मान्सून माघारी फिरल्याची रेघ उत्तरेकडून अगदी जवळ आली होती. जमीन निवली, समुद्र ऊबदार राहिला, की वारे उलटे फिरतात, धड्यातच आहे.

"काप दादा, पाऊस गेलाच समज. धुरावरून कुठं मान्सून ठरतो का?"

मागून वहिनीचा आवाज आला, "थांबूया की वो दोन दिस."

"अगं, ती पोरास्नी ह्येच शिकवती," दादा म्हणाला. "तिला न्हाई कळायचं तर कुनाला?"

रेघ होती तिथेच अडली. ती ओलांडून जाईपर्यंत हवा दमटच असते, दुपारी तापली की गडगडून कोसळते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी मला फोन ठेवून आडवं व्हायचं होतं, एवढंच.

तीन दिवस पाऊस पडला. मी रविवारी गेले, तेव्हा आडव्या लोंब्यांना पांढरे मोड फुटले होते. दादा चिखलात वाकून एकेक मूठ उलटी करत होता.

"तुजा काय दोष? वारंच बदललंय आता," तो म्हणाला.

हवामान बदललंय, हे खरंच आहे. पण त्या दिवशी त्याच्याआड लपायची मला लाज वाटली. त्याने शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दिवाळीला मात्र नेहमीसारखी तांदळाची गोणी आली. पांढरा, सुटा, वासाचा तांदूळ. बरंचसं भात वाचलं म्हणायचं, असं मनाशी धरून मी निर्धास्त झाले आणि तो तांदूळ पाच महिने खाल्ला.

एप्रिलात न सांगता औंढ्याला गेले. वहिनीने ताटात भाकरीच वाढली. मी भात मागितला, तशी ती घुटमळली. मग तिने झाकण काढलं. आत काळपट, चिकट भात, आंबूस वासाचा.

"मोड आलेला हाय," ती म्हणाली. "आमाला सवय झाली."

"मग मला पाठवलेला?"

"त्यो त्याच्या मागल्या सालचा. थोडका उरला व्हता, ह्यांनी काढून ठिवला. वन्संना कळू देऊ नगं म्हनले."

माझा घास हातातच राहिला. तेवढ्यात दादा रानातून आला, हातपाय धुऊन शेजारी बसला. वहिनीने त्याला तोच भात वाढला.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "औंदा पाऊस कवा धरायचा? तू सांगशील तवा पेरतो."

"मला नाही सांगता येत, दादा," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झाकण काढलेल्या भांड्याकडे. खाली मान घालून भात कालवू लागला. मी माझं ताट पुढे केलं आणि तोच भात मागितला.