बोरीकाठी दोन स्थलांतरतज्ज्ञ

पुण्याहून जीप निघाली तेव्हा पहिला वाद पुढच्या सीटवरून झाला. प्रा. दातार आणि डॉ. फणसे या दोघांनाही ती हवी होती आणि दोघेही ती एकमेकांना आग्रहाने देऊ करत होते. शेवटी पुढे मी बसलो.

हे दोघे स्थलांतराचे अभ्यासक. माणसे गाव सोडून का जातात, कुठे जातात आणि परत येतात का, यावर दोघांचे आयुष्य गेले होते. त्यातल्या शेवटच्या प्रश्नावर दोघांचे पटत नव्हते. दातारांचे म्हणणे, खेड्यातला माणूस शहरात जातो तो कामापुरता, मन गावातच ठेवून. संधी मिळताच परततो. फणसेबाईंचे म्हणणे, गेलेला परत येत नाही, फक्त येतो म्हणत राहतो. हा वाद बरीच वर्षे नियतकालिकांच्या तळटीपांतून चालला होता. आता अनुदान देणाऱ्यांनी दोघांना मिळून एकच प्रकल्प दिला होता आणि जीपही एकच दिली होती. खानदेशातून सुरतेच्या कापड गिरण्यांकडे आणि यंत्रमागांकडे जाणारी माणसे हा विषय होता. वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी सोबत होतो.

ऐंशीचे दशक संपत आले होते. जानेवारीचा महिना. मालेगाव मागे पडल्यावर आग्रा रोडवर ट्रकांची रांग लागली आणि धुळ्यात शिरेपर्यंत ती सुटली नाही. लॉजवर सामान टाकून आम्ही जेवायला बाहेर पडलो. शेवभाजीचा लाल तवंग पाहून फणसेबाईंनी दही मागवले. दातारांनी "स्थानिक चव समजून घेतली पाहिजे" असे सांगून दोन घास घेतले आणि घाईघाईने पाणी मागवले. पाण्याचा जग घेऊन आलेल्या वाढप्याला फणसेबाईंनी विचारले, "तुमच्या गल्लीतले किती जण सुरतेला गेले असतील?"

"मॅडम, न गेलेले विचारा. लवकर मोजून होतील."

फणसेबाईंनी दातारांकडे पाहिले. दातार पाणी पीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पारोळ्याच्या बाजूला निघालो. बोरी नदीच्या काठचे एक गाव आधीच निवडून ठेवले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. नदीच्या वाळूत बायकांनी झिरे खणले होते. वाटीने पाणी काढून हंडे भरणे चालले होते. गावात पोहोचलो तर ओट्यांवर म्हातारी माणसे, अंगणात लहान मुले आणि मधल्या वयाचे जवळजवळ कोणीच नाही. दातार खाली उतरून म्हणाले, "आदर्श गाव आहे."

पहिले घर गंगाअक्कांचे होते. अक्का विधवा, साठीच्या आतबाहेर. शेती त्यांचे दीर पाहत. त्यांना सगळे गाव आबा म्हणे. अक्कांचा एकुलता एक आंडोर (मुलगा) प्रकाश सुरतेत मागावर कामाला होता. दातारांनी ओट्यावर बैठक मारली, जाडजूड प्रश्नावली उघडली आणि आपण विद्यापीठाकडून केवळ अभ्यासासाठी आलो आहोत, दुसरा काहीही हेतू नाही, हे सावकाश समजावून सांगितले.

अक्कांनी आबांकडे पाहिले. आबांनी टोपी नीट केली. मग अक्का आत गेल्या आणि आतून भांड्यांचा मोठा आवाज सुरू झाला.

"घरात माणसं किती?" दातारांनी आबांना विचारले. "जमीन किती? बागायत की कोरडवाहू? मुलगा काय शिकलाय? सुरतेत खोली स्वतःची की भाड्याची? आणखी कोणासोबत राहतो? व्यसन? घरी पैसे पाठवतो का? गावाकडे किती वेळा येतो?"

आबा एकेका प्रश्नाला मान डोलवत होते, जणू पुढचा प्रश्न त्यांना आधीच ठाऊक होता. उत्तरे भारदस्त होती. मुलगा कायम नोकरीत. खोली ऐसपैस. सुपारीचे खांडही तोंडात टाकत नाही. अक्का दारात येऊन भर घालत होत्या. प्रश्नावलीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आला, "गावी कायमचा परत येण्याचा विचार आहे का?" तेव्हा त्या पुढे येऊन ठाम म्हणाल्या, "येई ना! दोन वरीसमा गावले येई, शेती करी. त्यानं बठ्ठं (सगळं) मन आठे (इथे) शे."

दातारांचा चेहरा उजळला. त्यांनी उत्तर लिहिले आणि खाली रेघ ओढली.

मी गोठ्याकडे गेलो. मागोमाग आबा आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, पोर कितली शिकेल शे?"

"कुणाची पोर?"

"हाई सरनी. का मॅडमनी शे?"

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. सोयरीक जुळवण्याआधी मुलीकडचे लोक मुलाचे घर पाहून जातात, पण त्यासाठी आलो असे कधी सांगत नाहीत. कोणी बियाणे विकायचे निमित्त करतो, कोणी रस्ता चुकल्याचे. घर पसंत पडले नाही तर दोन्हीकडची अब्रू राखून निघून जाता यावे, ही त्यामागची सोय. दिवाळीनंतरच्या या महिन्यांत मुलगा लग्नाचा असलेल्या घरी कोणीही नीटनेटका अनोळखी माणूस आला, की घर सावध होते.

आम्ही खरोखर सर्वेक्षणाला आलो आहोत, असे मी सांगितले.

"सोयरा कधी सांगस का, भाऊ, का मी सोयरा शे म्हणीसन?" आबा हसले. "पण सर्वेक्षण! हाई मातर नवीन शे. मांगला (मागचे) ईमाना (विम्याचे) एजंट व्हईसन उनथात (आले होते)."

मागच्या तीन सोयरिकी मोडल्या होत्या, हेही आबांनी सांगितले. मुलगा सुरतेत, म्हणजे तिथे कसा राहतो कोणी पाहिलेले नाही. लोकांना शंका येई. या खेपेला काही चुकू द्यायचे नाही, असे अक्कांनी ठरवले होते. त्यासाठी त्यांनी खापरावरचे मांडे करायला घेतले होते. परातभर पुरणाचा तो बेत अक्कांचे काळीज किती अडकले आहे हे सांगत होता.

मी फणसेबाईंना बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे दातारांची सगळी उत्तरं वरपक्षाची आहेत."

"त्यांना सांगायला हवं."

"हवंच," बाई म्हणाल्या. "अक्कांना आधी. पण त्या आत्ता पुरणात आहेत. हातातलं काम तरी होऊ दे."

ओट्यावर एव्हाना अक्काच दातारांची चौकशी करत होत्या. "सर, तुमनं गाव कोणतं?"

"राजापूरकडचं. पण आता पुण्यातच असतो."

"जातस का गावले?"

"जाणार आहे. निवृत्तीनंतर. घराची डागडुजी करायची आहे थोडी."

अक्कांनी समाधानाने मान हलवली. मुलीचा बाप मुलीचा विषयही काढत नाही, म्हणजे घर त्याच्या मनात भरले आहे.

दुपारी भडगावकडून एक गृहस्थ पायी आले. पारोळ्यापासून वाहन मिळाले नव्हते. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. बरोबर त्यांची बहीण. नाना म्हणून त्यांनी ओळख सांगितली. या घरी बैलजोडी विकायची आहे असे ऐकून आलो, म्हणाले. बैल विकायचे नव्हते. पण आबा आमच्या सरबराईने थकले होते आणि बैलांविषयी बोलणे हे त्यांना सोपे काम होते. ते नानांना गोठ्यात घेऊन आले. मी तिथेच खाटेवर टेकलो होतो.

नानांनी बैलाचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली. "जोडी चांगली शे. पण आबा, तुम्हनं वय व्हयनं. पोऱ्या कोठे शे?"

"सुरतले."

"मंग शेती कोण करी?"

"मीच करसू. तो काय आते येस!" आबांनी मोकळेपणी सुस्कारा सोडला. बैलांच्या गिऱ्हाइकाशी खोटे बोलायचे त्यांना काही कारण नव्हते. "दिवाळीले येस, चार दिन ऱ्हास. खोलीमा सहा जण दाटीवाटीमा ऱ्हातस, तरी त्याले तठेच गमस (करमते). तठे नळ शे ना. आठे हंडा उचलीसन दख म्हणा, तोंड वाकडं करस."

"दारू?"

"ते नही. शनिमा (सिनेमा) देखस. हप्ताले एक."

नाना बैलाच्या खुरांकडे वाकून पाहत होते. पण त्यांच्या बहिणीने एकदाही बैलांकडे पाहिले नव्हते. ती पाणी मागण्याच्या निमित्ताने घरात जाऊन आली होती आणि आता परसातले हंडे पाहत होती. आपण आज काय पाहतो आहोत, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. फणसेबाईंना शोधायला मी उठलो, पण तेवढ्यात पाने मांडली गेली.

आम्हाला आत पाटावर बसवले. मांडा रुमालाएवढा, दुधात कुस्करलेला, वर तुपाची धार. दातारांनी तीन खाल्ले. ओट्यावर नाना आणि त्यांच्या बहिणीला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि ताक मिळाले. दोघांनी ते कुरकुर न करता संपवले. नानांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि दारातून आत पाहत म्हणाले, "अक्का, बैल ऱ्हाऊ द्या. पोऱ्याना फोटो शे का?"

अक्कांच्या हातातले पळीभर तूप दातारांच्या ताटाबाहेर पडले.

त्यांनी नानांकडे पाहिले, मग दातारांकडे. फणसेबाई पाटावरून उठल्या. "अक्का, आधीच सांगायला हवं होतं. आम्ही खरंच अभ्यासाला आलोय. आमच्याकडे मुलगी नाही."

"पोर नही?"

"नाही."

"आन बठ्ठा मांडा तुम्हीसनी खाई लिन्हा!"

दातारांनी चौथ्या मांड्यावरचा हात मागे घेतला. अक्का लगबगीने ओट्यावर गेल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी नानांना तेच सांगायला सुरुवात केली, जे सकाळी दातारांना सांगितले होते. आबाले काही ठाऊक नही. खोली ऐसपैस शे. दोन वरीसमा पोऱ्या गावले येई, शेती करी.

"येई का?" नानांनी काठी उचलली. "मंग राम राम, अक्का. मनी आंडेरले (मुलीला) सुरतच जोयजे (पाहिजे). पानी वाही वाहीसन तिना मायनं कंबरडं मोडनं. ती म्हणस, नळ जठे, मी तठे. आबानी सांगं, तो येवाव (येणार) नही, म्हणीसन मी भाकर खाईसन थांबनू."

बहीणही उठली. आबा गोठ्याच्या दारात खिळले होते.

अक्कांनी अंगणाकडे पाहिले, पऱ्हाट्यांच्या गंजीकडे, बैलांकडे. सकाळी दातारांना दिलेले ते उत्तर काही केवळ सोयऱ्याला खूश करण्यासाठी नव्हते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. मुलाचे लग्न व्हायचे तर आता ते उत्तर त्यांनाच सगळ्यांदेखत मागे घ्यावे लागणार होते.

"नही येवाव तो," त्या शेवटी म्हणाल्या. "तठेच ऱ्हाई."

"नक्की?"

"मी माय शे त्यानी. माले ठाऊक शे."

नानांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले. बहिणीने फोटो मागितला. आबा गूळ आणायला दुकानाकडे धावले. त्या वयात ते धावू शकतात हे बैलांनाही नवे असावे.

या गडबडीत दातार प्रश्नावली घेऊन अक्कांजवळ गेले. माणूस सचोटीचा. "अक्का, ते उत्तर. 'दोन वर्षांत परत येणार.' मग ते मी खोडतो."

"कसाले खोडतस?" अक्का म्हणाल्या. "तुमना कागदवर तरी येऊ द्या ना त्याले. तठे येवामा कोनं काय बिघडस?"

दातारांनी पेन खिशाला लावले. आम्हालाही गूळ मिळाला.

पुढचे दिवस पारोळा, अमळनेर करत आम्ही जळगावला पोहोचलो. पुष्कळ घरे पाहिली. प्रत्येक ओट्यावर फणसेबाई आधी विचारत, "घरात लग्नाचं कोणी आहे का?" आणि असेल तर पुढच्या घराकडे वळत. वादही चालूच होता: माणूस सोयऱ्याला सांगतो ते खरे, की बैलांच्या गिऱ्हाइकाला सांगतो ते. मात्र गंगाअक्कांचे घर त्या वादात कोणी आणले नाही. जळगावातून पुण्याला परतताना पुढच्या सीटवर फणसेबाई बसल्या. दातारांनी या वेळी आग्रह केला नाही. नुसते दार उघडून धरले.

अहवाल पुष्कळ उशिरा आला. तो फणसेबाईंच्या बाजूने झुकलेला आहे आणि खाली दातारांचीही सही आहे. बोरीकाठच्या गावापाशी मी थांबून वाचले. गावी परतण्याचा इरादा असलेल्यांत तिथे एक माणूस जास्तीचा आहे. आकडे तपासण्याचे काम फणसेबाईंकडे होते, आणि त्यांच्या नजरेतून असे काही सुटत नाही.