जीपचं दावं

“बुक कुठंय?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“न्हाई माझ्याकडं,” भाऊसाहेब म्हणाला.

एकाहत्तर साल असेल. मी आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होतो. पुणतांब्याच्या या शेतकऱ्यानं जुनी जीप घेतली होती, पण आर.सी. बुक नव्हतं. आर.सी. बुक म्हणजे गाडीचा सातबारा. त्याशिवाय गाडी नावावर होत नाही.

“नावावर करा, साहेब. बैलजोडी विकून घेतलीय. स्टेशनवरनं शिर्डीला पाशिंजर नेतो. पोलीस म्हनला, कागद दाव, न्हायतर गाडी जमा. गाडी गेली तर खाऊ काय?”

बिचारा रडकुंडीला आला होता. मला वाईट वाटलं. म्हटलं, “हरवलं असेल तर डुप्लिकेट निघेल. कुठं हरवलं?”

“हरवलं न्हाई. बन्सीशेठनं दिलंच न्हाई.”

“मग मागायचं की!”

“असं कसं मागायचं?” तो माझ्याकडंच चमकून बघायला लागला.

माझं डोकं सटकलं. “जा, त्या शेठला बुकासकट घेऊन ये!”

जीप विकणारे बन्सीशेठ हे घोडेगावच्या बाजारातले जनावरांचे व्यापारी. दुसऱ्या दिवशी हसत हसत आले. बंडीच्या खिशातून बुक काढलं, तर त्याला हळदकुंकू लावलेलं! सही करायला एका पायावर तयार, पण बुक सोडेनात.

“जनावर द्यायचं, साहेब, दावं न्हाई. दावं गेलं की दावणीची बरकत जाती.”

“खरं हाय त्येंचं,” भाऊसाहेब म्हणाला.

दावं म्हणजे जनावर बांधायचा दोर. आमच्याकडं विकणारा तो ठेवून घेतो.

“अहो शेठ, जीपला कुठलं दावं?”

“कागदाबिगर हलती का ती? मग त्येच दावं.”

घ्या! मी साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, “रूलमध्ये दावं नाही. तुम्हीच मिटवा.”

आवारात जाऊन मी जीपचं हँडल आणलं. तेव्हा पुढून लोखंडी हँडल मारून गाडी सुरू करायची. ते शेठच्या हातात दिलं. “याच्याबिगरही ती हलत नाही. हे ठेवा.”

शेठनी हँडल कपाळाला लावलं आणि बुक टेबलावर ठेवलं. सह्या झाल्या, शिक्के बसले, जीप भाऊसाहेबाच्या नावावर झाली. गडी आनंदानं पायाच पडायला लागला.

मग घरी जायला निघाला, तर जीप सुरू होईना. हँडल घेऊन शेठ एसटीनं निघून गेले होते. मी, शिपाई आणि खुद्द साहेब, तिघांनी मिळून जीप रस्त्यापर्यंत ढकलली, तेव्हा कुठं ती सुरू झाली.

तेव्हापासून बुक नाही म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचो, हरवलंय की ठेवून घेतलंय? आणि तोडगा काढण्याआधी गाडी सुरू करून ठेवायला सांगायचो.