महिन्याला चार मिलिमीटर

पूल खचत होता. दर महिन्याला चार मिलिमीटर. एखादा खांब खचला तर समजू शकतं, पाया कच्चा राहिला असेल. पण इथे तिन्ही खांब एकाच चालीनं खाली निघाले होते. जणू नाल्याचं अख्खं पात्रच कुणी खालून ओढून घेत होतं. पाचव्या महिन्याचा रिपोर्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

मी धुळ्यात एका सल्लागार कंपनीत मॉनिटरिंग इंजिनीअर आहे. रस्ते आणि पुलांना निधी हप्त्याहप्त्यानं मिळतो. काम किती झालं, नीट झालं का, हे साइटवर जाऊन बघायचं आणि पोर्टलवर हिरवा किंवा लाल शेरा मारायचा, ही माझी नोकरी. हिरवा मारला की पुढचा हप्ता सुटतो. लाल मारला की मला फोन येतात.

हा पूल पारोळा तालुक्यातल्या एका गावाचा. नाल्याला पाणी आलं की गाव तुटायचं. आता पूल उभा होता, कठड्यांचा रंग तेवढा बाकी होता. पुढच्या सोमवारपासून त्यावरून एसटी जाणार होती, आणि शाळेची पोरं तिच्यातच बसणार होती.

जळगावहून आमच्या महाजन सरांचा फोन आला.

"मॅडम, तीन खांब एकसारखे खचत नसतात. इन्स्ट्रुमेंट बिघडलंय."

"दोनदा बदललं, सर."

"मग तिसऱ्यांदा बदला. शुक्रवारपर्यंत मला हिरवा पाहिजे."

मागचे दोन महिने मीही 'इन्स्ट्रुमेंट एरर' असं लिहून सही ठोकली होती. त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. गुरुवारी निघाले.

पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन असं की नजर टिकत नव्हती. साइट इंजिनीअर भामरे छत्री धरून उभा होता. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले मजूर जेवायला बसले होते, तेही भर उन्हात. दहा पावलांवर दुसऱ्या खांबापाशी पुलाची चांगली ऐसपैस सावली पडली होती. तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं.

"सावली सोडून इथं का बसलात?" मी विचारलं.

"तिथं गार लागतं," एक बाई म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. चाळिशी पार केलेल्या उन्हात गार लागण्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकली.

"अंधश्रद्धा, मॅडम," भामरे हसला. मीही हसले. पण सावलीत मीही गेले नाही.

आता थोडं आमच्या कामाचं. उंची मोजायला एक न हलणारी खूण लागते. बहुतेकदा तो पक्का रोवलेला दगड असतो. त्याला बेंचमार्क म्हणतात. त्यावर आकडे लिहिलेली उभी पट्टी धरायची आणि लेव्हल नावाच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा. मग तीच पट्टी खांबावर धरायची. दगडापेक्षा खांब किती उंच, ते कळतं. सगळा हिशेब त्या दगडाच्या भरवशावर चालतो.

पट्टी धरणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. आमचे खलाशी रघुनाना, नोकरीची शेवटची वर्षं मोजणारे गृहस्थ. ते चप्पल काढून दगडाकडे गेले. हात जोडले. मग पट्टी अलगद वर ठेवली.

मी दुर्बिणीतून डोळा काढला. "नाना, पाया कुणाच्या पडलात?"

"देव शे ना, मॅडम."

जवळ जाऊन बघितलं तर आमचा बेंचमार्क शेंदरानं माखलेला. पुढे नारळाच्या करवंट्या, वाळलेली लिंबं, हिरव्या बांगड्या. थरावर थर चढून शेंदूर घट्ट झाला होता. नाना महिनोन् महिने त्या थरावर पट्टी धरत होते, कारण देवाला खरवडायचं कसं! दगड वर चढत होता, म्हणून कागदावर पूल खाली जात होता.

मला हसू आवरेना. "हा देव झाला कधी?"

उत्तर मागून आलं. द्वारकाअक्का, पलीकडच्या शेताची मालकीण, सत्तरीच्या पुढची. हातात शेंदराची वाटी.

"तुमनाच साहेब लोके रोज सकाये आठे वाकेत. दगड पुसेत, मंगच काम धरेत. बठ्ठा गावनी देखं. मंग आम्हीन बी नारळ फोडा."

मोजायला वाकलेली माणसं सगळ्या गावाला पाया पडताना दिसली होती. अक्कांची परवानगी घेतली, स्वतः नमस्कार केला आणि थर खरवडला. वीस मिलिमीटर भरला. पाच महिने, चारानं वीस. भामरेनं तिथूनच महाजन सरांना फोन लावला. "सर, सापडलं! पूल ठणठणीत आहे."

"हिरवा मारा आणि या परत," सर म्हणाले.

खरं तर तेवढ्यावर निघायला हरकत नव्हती. पण माझा स्वभाव किरकिरा. उघड्या दगडावर पट्टी धरून पुन्हा वाचन घेतलं. पहिला खांब जागेवर. तिसरा जागेवर. दुसरा नऊ मिलिमीटर खाली.

पुन्हा घेतलं. नऊच.

जुनी वही काढली. दुसऱ्याचा आकडा दर महिन्याला थोडा जास्तच होता. सगळेच खचत असताना एखाद्या मिलिमीटरकडे कोण बघतं? मी बघितलं नव्हतं. नवातले पाच तर शेवटच्या रिपोर्टनंतरचे होते.

अक्का माझ्याकडेच बघत होत्या. "तठे मना सासरानी इहीर व्हती, माय. मोठा पूर उना, बुजाई गयी. मना दीर बी तिन्हामाच गया, हाती लागना नई. दुसरा खांब तिन्हावर शे."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगं व्हतं ह्या साहेबले. तो हासना. मंग इहीरनी आनखी कोनले लेवाले नको, म्हनीसन देवले शेंदूर लावस."

मी भामरेकडे बघितलं. त्यानं छत्री मिटली.

"पाया खोदताना एका कोपऱ्यात मऊ लागलं होतं," तो हळूच म्हणाला. "मुरूम टाकून दाबलं, मॅडम."

पायाच्या बाजूला लोखंडी सळई ठोकायला लावली. चार फूट ती घणाचे घाव खात गेली. मग हातातून सुटल्यासारखी आपोआप आत गेली. वर काढली तर टोक ओलं होतं, आणि भोकातून थंड हवा येत होती. मजुरांनी डबे आवरले आणि ते नाल्याबाहेर जाऊन उभे राहिले.

मी तिथेच, सळईशेजारी बसून, लाल शेरा मारला.

एसटी सुरू झाली नाही. गावकरी माझ्यावर चिडले, सर महिनाभर धड बोलले नाहीत, हप्ता अडकला. पुढे खोदलं तेव्हा खांबाच्या एका कोपऱ्याखाली विहिरीचं दगडी बांधकाम लागलं. वरचा गाळ खाली बसून आत पोकळी झाली होती. भरलेली एसटी किती दिवस टिकली असती, हे मी कुणाला विचारलं नाही. खांब नव्यानं बांधला गेला. अक्कांच्या दिराचं काही सापडलं का, हेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये पुष्कळ रकाने आहेत. त्यांच्याखाली मी पेनानं एक वाढवते : 'इथे आधी काय होतं? गावातल्या वयस्कर माणसाला विचारून लिहावे.' हे फॉरमॅटमध्ये नाही म्हणून सर तो खोडतात. मी पुढच्या वेळी परत लिहिते. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, 'काही नव्हतं.' तिथे मी दोनदा विचारते.