जीपच्या पिंजऱ्यासाठी बेंडर

नवऱ्याची जीप उलटली तो रविवार होता. सुट्टीच्या दिवशी हे आणि यांचे मित्र जुन्या जीपा घेऊन दौलताबादच्या पलीकडं डोंगरात जातात आणि दगडाधोंड्यांतून गाड्या वर चढवतात. त्या दिवशी उतारावर गाडी घसरली, आडवी झाली आणि एक पलटी खाऊन थांबली. ताडपत्रीच्या छताच्या कमानी चेपून सीटच्या पाठीला टेकल्या. यांनी वेळेवर मान खाली घातली म्हणून मनगटावर निभावलं.

प्लास्टर घालून घरी आले ते हसत. "हात बरा झाला की परत जायचं," म्हणाले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायचे. कुकर लावायचे आणि किती शिट्ट्या झाल्या ते विसरायचे. डोळ्यांपुढं सारख्या त्या चेपलेल्या कमानी.

आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, पडेगावला. सासऱ्यांनी उभं केलेलं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे ही आमची कामं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, लग्नाआधी एका कंपनीत ड्रॉइंग काढायचे. आता शेडची मापं आणि ड्रॉइंग माझ्याकडं. त्यामुळं यांना अडवता येत नसेल तर गाडीला रोल केज बसवायचा, हे माझ्या मनानं लगेच घेतलं. गाडीच्या आतून जाड नळ्यांचा पिंजरा असतो तो. गाडी उलटली तरी छत माणसाच्या डोक्यावर येत नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना सांगितलं तर ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पिंजरा केला की त्यो लईच उंडारंल. त्यापरीस गाडीच इकून टाका."

"मामा, ते तसेही थांबायचे नाहीत."

"मंग नळीत वाळू भरू, भट्टीवर तापवू अन् वाकवू. त्याला मशीन कशाला?"

वाळू भरून तापवलेल्या नळ्यांचे कठडे मामांनी उमेदीच्या वयात पुष्कळ केले होते. पण लाल होईपर्यंत तापवलेल्या नळीची ताकद कुठं किती गेली ते डोळ्यांना दिसत नाही. कठड्याला ते चालतं, डोक्यावरच्या नळीला नाही. तुकडे जोडून कमान करायची तर प्रत्येक वळणावर सांधा. मला एका अखंड नळीची, थंडच वाकवलेली कमान हवी होती. त्यासाठी बेंडर, म्हणजे नळी वाकवायची मशीन पाहिजे, आणि ती आमच्या आवाक्यातली पाहिजे.

मग मला दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना मोबाइलवर बेंडरचे व्हिडिओ, बसमध्ये व्हिडिओ. मोटरवर चालणारी मशीन बघितली, किंमत ऐकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. फर्निचरच्या एका कारखान्यात चौकशी केली. ते वाकवून द्यायला तयार होते, पण पिंजऱ्याची नळी थोडी वाकवायची, गाडीत धरून बघायची, परत थोडी वाकवायची असं काम असतं. त्यासाठी कुणाच्या दारात किती वेळा उभं राहणार? अशातच यांचं प्लास्टरही निघालं.

तेवढ्यात वैजापूरला एक जुना हायड्रॉलिक बेंडर विकायचाय असं कळलं. मी टेम्पो काढला. मामा न विचारताच शेजारी येऊन बसले. पिंजऱ्यासाठी ठरवलेल्या नळीचा एक तुकडा मी सोबत घेतला.

मार्केट यार्डाच्या मागं एका चाचांचं पाण्याच्या पायपांचं दुकान होतं. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, म्हणून मशीन नुसतीच पडून होती. हातानं पंप मारायचा, मधला दट्ट्या पुढं येऊन नळीला ढकलतो आणि नळी दोन बाजूंच्या आधारांवर वाकते. मशीन भक्कम होती. किंमत तर इतकी बरी की मी मनातल्या मनात ती शेडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलीसुद्धा.

"देख लो बेटी, तेल भी नै गळता," चाचा म्हणाले.

मी तुकडा लावला, पंप मारला. नळी वाकली. बाहेरून पाहिलं तर वळण छान होतं. मामांनी वाकून आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि ते बोट तिथंच थांबलं.

"हितं बघ."

वळणाच्या पोटात खळगा पडला होता. गोल नळी तिथं चपटी झाली होती. मला कारण लगेच कळलं आणि तरी ते मान्य करवेना. चाचांच्या मशीनचे साचे पाण्याच्या पायपाचे. पाण्याचा दीड इंची पायप बाहेरून मोजला तर जवळजवळ दोन इंच भरतो. आमची नळी बाहेरूनच दीड इंच. सैल साच्यात ती बसत नव्हती, चेपत होती.

"पंप हळू मारला तर जमेल," मी म्हणाले.

"न्हाय जमणार," मामा म्हणाले. "चपटी नळी पहिली तिथंच मुडपंल. तुला ठावं हाय की."

चाचांनी चहा पाजला आणि मशीनचा आग्रह धरला नाही. परतताना मी गाडी जरा जोरातच चालवत होते. मामा म्हणाले, "हळू चालव. ह्ये काम जमतंय, पर दुसऱ्या मशीनवर."

इतके दिवस विकून टाका म्हणणारा माणूस 'जमतंय' म्हणाला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण आता काम खरंच करावं लागणार याची धास्ती बसली.

शेवटी चिकलठाण्याच्या एका लेथवाल्यानं बनवलेला हाताचा बेंडर घेतला. यात नळी ढकलत नाहीत. खोबणीच्या चाकाला, म्हणजे डायला, नळी घट्ट धरून लांब दांड्यानं भोवती ओढतात. त्यामुळं ती गोलच राहते. पैसे वाचवायला आम्ही एकच डाय घेतली, नेमकी आमच्या नळीच्या बाहेरच्या मापाची, आणि सगळ्या पिंजऱ्याचं ड्रॉइंग मी त्याच एका गोलाईच्या वळणात बसवलं. मशीन शेडच्या काँक्रीटमध्ये बोल्टांनी पक्की केली.

पहिल्या काही नळ्या वाया गेल्या. दांडा सोडला की नळी थोडी मागं येते, तेवढी ती आधीच जास्त वाकवावी लागते. मामा दांडा ओढायचे, मी कोनाचं माप धरायचे. "बास?" "अजून थोडं." "आता?" दिवसभर एवढंच बोलणं. मोठी कमान गाडीत उभी राहिली तेव्हा मामांनी यांना हेल्मेट घालून सीटवर बसवलं आणि डोकं व नळी यांच्यामध्ये आपला आडवा तळहात घालून बघितला. हात अडकला, जागा कमी पडत होती. मामांनी कमान उतरवली, आम्ही नवी केली.

पिंजरा लागला, हे परत डोंगरात गेले. गाडी पुन्हा काही उलटली नाही. तरी रविवारी माझं चित्त थाऱ्यावर नसतं, आणि मामा, ज्यांना तो नाद कधीच पटला नाही, ते आता घडीची खुर्ची घेऊन यांच्यासोबत जातात आणि खालच्या वळणावर बसून राहतात. मधूनमधून फोन करतात, "वर गेलाय. दिसतोय मला."

यांच्या दोन मित्रांनी आता आपल्या गाड्या शेडमध्ये आणून लावल्यात. त्यांतली एक मोठी आहे, तिला जाड नळी लागेल, म्हणजे दुसरी डाय. मामा म्हणतात, आहे त्यातच भागव. मी म्हणते, नाही भागायचं. काल दुपारभर हाच वाद चालला होता, आणि तो चालू असतानाच मी लेथवाल्याला फोन लावला.