नसीमआपा आणि मिटल्या दिव्यांची गाडी

चाकणच्या आमच्या कंपनीत दुपारची शिफ्ट भरत होती आणि मी गेटातून आत शिरतच होतो, तेवढ्यात नसीमआपांच्या मुलीचा, झीनतचा फोन आला. ‘‘काका, अम्मी गेली,’’ एवढंच ती म्हणाली. मागे भोसरीच्या त्यांच्या वर्कशॉपमधला रबर दाबायचा प्रेस चालू असल्याचा आवाज येत होता. ती आपणहून म्हणाली, ‘‘साच्यात माल होता. मध्येच थांबवला असता तर अम्मी ओरडली असती.’’

नसीमआपा रबराचे सुटे भाग बनवायच्या. मी खरेदी विभागात, त्यांचा माल आमच्याकडे यायचा, ओळख तिथली. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून वर्कशॉप त्यांनी एकटीनं चालवलं. रबराच्या कामातला डिप्लोमा केला होता आणि ते त्या ओळख झाल्या झाल्या समोरच्याला सांगायच्या. त्यांचा माल एकदा आम्ही परत पाठवला, तर आपा स्वतः टेम्पोत बसून कंपनीत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘संजूभाऊ, माल चांगला आहे, तुमचं माप चुकलंय. काढा नवं माप, मी चहा पिते तोवर.’’ माप खरंच चुकलं होतं. नंतर रमजानमध्ये शीरखुर्म्याचा डबा आमच्या घरी यायला लागला आणि आईचे तिळाचे लाडू भोसरीला जायला लागले.

चिखलीत आमच्या घरामागच्या शेडमध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची गाडी उभी असते. लांबलचक, अमेरिकन, आबांनी ऐन उमेदीत मुंबईच्या एका कारखानदाराकडून घेतलेली. तिचे पुढचे दिवे झाकणांआड लपलेले असतात. झाकणं उघडायला विजेची मोटर नाही. इंजिन चालताना हवा ओढतं, त्या ओढीनं एका पत्र्याच्या डब्यातली हवा निघून जाते, इंजिन बंद केलं तरी ती ओढ डब्यात साठून राहते, आणि दिव्याचं बटण खेचलं की त्या डब्याची ओढ बारीक नळ्यांतून झाकणामागच्या रबरी पडद्यापर्यंत पोचते. पडदा खेचला जातो, झाकण वर. बटण आत ढकललं की तीच ओढ झाकण खाली खेचून मिटलेलं धरते. आई गेली त्या सुमारास डावं झाकण अडकलं आणि आबांनी गाडी काढणंच सोडलं. बोलणंही कमी केलं. मग माझ्या मुलीचं, वैदेहीचं लग्न ठरलं आणि आबा एकदम म्हणाले, ‘‘पोरगी माझ्या गाडीतनं सासरी जाईल.’’ दोन-तीन मेकॅनिक येऊन गेले. सगळ्यांचं एकच, मोटर बसवून टाका. आबा अडून बसले. ‘‘मोटर न्हाई लावायची. हाय तशी चालवा, न्हाईतर राहू द्या.’’

मी आपांना सांगितलं, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी वर्कशॉपच्या धुरात जायला मनाई केली होती. ‘‘शेडमध्ये कुठं धूर आहे?’’ म्हणत त्या आल्या. दोन्ही झाकणांमागचे पडदे वाळल्या पापडासारखे झाले होते. त्यांनी त्याच मापाचे नवे करून आणले, नळ्या बदलल्या, झाकणं टपकन उघडली, मिटली. आम्ही पेढे वाटले. सकाळी बघतो तर डावं झाकण अर्धं उघडं. आबांनी आपांना फोन लावायला लावला आणि म्हणाले, ‘‘पोरी, डोळा मारतीया ही मला!’’ आपा इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली.

हवा कुठून तरी आत शिरत होती. आपा पुन्हा आल्या, खुर्ची टाकून बसल्या. एकेक नळी चिमट्यानं दाबून बघितली, डब्याच्या तोंडची झडप फुंकून बघितली. सगळं ठीक. मग साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुड्याची वाट बघत राहिल्या... अचानक कपाळावर हात मारला. ‘‘हाय अल्ला, मी काय करतेय! हवा बाहेर येतच नाही, आत जातेय. बुडबुडा येईल कुठून? आबा, देवघरातली उदबत्ती द्या.’’

वर्कशॉपमधला, साच्यातली हवा ओढणारा पंप टेम्पोतून मागवला आणि डब्याच्या नळीला जोडला. पंखा बंद, दार बंद. आपा लांब, नाकाशी ओढणी धरून. उदबत्ती आबांच्या हातात. धूर सरळ वर चालला होता. आबा उदबत्ती डब्याच्या कडेनं हळूहळू नेत गेले, डबा धरून ठेवणाऱ्या खालच्या पट्टीपाशी आले, आणि धुराची ती रेघ वर जाता जाता वाकली आणि पत्र्यात शिरली. तिथं काही दिसतसुद्धा नव्हतं. गंजाचा एक ठिपका, बस्स. आबा म्हणाले, ‘‘सगळा जन्म हिच्यात बसलो... असं कधी बघितलं न्हाई.’’

आपांनी डाख लावून ते बारीक भोक बुजवलं. लग्नाच्या संध्याकाळी वैदेही मागे बसली, आबांनी स्वतः बटण खेचलं आणि दोन्ही झाकणं एका वेळी उघडली. मांडवातली माणसं रडता रडता गाडीकडे बघायला लागली. आबांनी काच खाली करून मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या आपांना हात जोडले. मुलीच्या वयाच्या बाईला. आपांनी घाईघाईनं ओढणी डोक्यावर घेतली आणि मान खाली घातली. त्यांना इतकं लाजलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

पुढे आपांच्या घरी ऑक्सिजन आला, त्यांचं बोलणं तुटक झालं. मातीला मी गेलो होतो. आबांना झेपण्यासारखं नव्हतं, ते घरीच बसून राहिले.

परवा ते मला शेडमध्ये घेऊन गेले. आपा गेल्यापासून गाडी सुरूच केली नव्हती. आबा आत बसले आणि इंजिन सुरू न करता त्यांनी बटण खेचलं. दिवे लागले नाहीत, बॅटरी पार उतरली होती. पण उजवं झाकण उघडलं. डावं अर्ध्यावर अडखळलं, थांबलं... आणि मग सावकाश, पुरतं वर गेलं. इतके आठवडे इंजिन बंद होतं, तरी आपांनी बुजवलेल्या त्या डब्यात ओढ टिकून होती. आबा बटणावर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्यांना ते परत आत ढकलायचं नव्हतं.