न मागितलेले पैसे

रोनेल स्पायव्ही लाइनवर माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. कोंबडीच्या कारखान्यात हाडं काढायच्या लाइनवर तुमच्या शेजारी कोण उभं आहे, यावर निम्मं आयुष्य ठरतं. तिच्याआधी त्या जागी जी बाई होती तिची सुरीपेक्षा जीभ जास्त चालायची. रोनेल मात्र ऐकून घेणारी होती, आणि मला तेच हवं होतं. मी आर्लेथा बून, वय एकसष्ट, तोंडानं फटकळ. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि कुणी विचारो न विचारो, सल्ला देते. रोनेलला दिलेला एक सल्ला अजून माझ्या घशात अडकून बसलाय.

ती वाढली तंबाखूच्या शेतांमागच्या खोपट्यांत. आई मोटेलातल्या चादरी बदलायची आणि बाप म्हणजे जन्मदाखल्यावरचं नाव. एकोणिसाव्या वर्षी ती लाइनवर आली. आधी केझिया झाली, मग मायका. पोरांचा बाप टेक्सासला कामाला म्हणून गेला आणि त्याचा फोन नंबर बदलला. चार वर्षांत रोनेलची बोटं अशी आखडली की सकाळी केसांना फणी धरता येईना. कारखान्याच्या नर्सनं बर्फ दिला, शेजारणीनं दुखणं मारायच्या नशेच्या गोळ्या दिल्या. बर्फ वितळला, गोळ्यांची सवय अंगाला चिकटली. एका दुपारी ती गाढ झोपेत असताना दोन वर्षांचा मायका नुसत्या डायपरवर हमरस्त्याच्या कडेला चालताना कुणाला तरी दिसला. संध्याकाळपर्यंत काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारनं, दोन्ही पोरं उचलली आणि वीस मैलांवर मिसेस बंच नावाच्या बाईकडे सांभाळायला ठेवली.

त्या दिवसापासून ही पोरगी सुधारली. तुमचा विश्वास नसेल तर नसो, मी शेजारी उभी होते. गोळ्या सुटल्या. नशा तपासायला दर आठवड्याला कपात लघवी देऊन आली. आईपण कसं करावं याचे वर्ग केले, तेही बावीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीकडून. दोन खोल्यांचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं घर, घेतला, त्यात दुमजली पलंग लावला आणि त्यावर डायनासोरच्या चादरी घातल्या. दर बुधवारी चार ते पाच काउंटीच्या ऑफिसात पोरांची भेट व्हायची. कोपऱ्यात वही घेऊन एक बाई बसलेली असायची. रोनेल कधी रिकाम्या हातानं गेली नाही. आमच्याकडे तसं कुणी जातच नाही. कधी कोट, कधी रंगपेट्या, कधी चीज घातलेल्या मॅकरोनीचं भांडं.

आमच्या कारखान्यात पॉइंट असतात. गैरहजर राहिलात की एक पॉइंट, कारण काही का असेना. सात झाले की फाटकाबाहेर. म्हणून आम्ही पॉइंट जपतो. ताप अंगावर काढतो, दाढ उपटून दुसऱ्या दिवशी कापसाचा बोळा चावत सुरी चालवतो. कोर्टाच्या तारखांनी रोनेलचे चार पॉइंट झाले होते.

एका बुधवारी भेट संपल्यावर केसवर्कर, म्हणजे काउंटीतर्फे पोरांचं प्रकरण बघणारी बाई, पर्स उचलता उचलता तिला म्हणाली, "आणि पोरांच्या खर्चाचं काय ते पोटगीच्या खिडकीवर विचारून घ्या हं." खिडकी आठ ते दोन उघडी, आमची पाळी सहा ते अडीच, म्हणजे जायचं तर एक पॉइंट.

दुसऱ्या दिवशी लाइनच्या खडखडाटात रोनेलनं मला विचारलं, "मिस आर्लेथा, जाऊ का?"

"बिल आलंय?"

"नाही."

"जज्जानं सांगितलंय?"

"नाही. कुणीच काही आकडा नाही सांगितला."

"मग न मागितलेले पैसे नेऊन द्यायला तू कोण मोठी लागून गेलीस? त्यांना हवे असतील तर पत्र पाठवतील, काउंटीला पत्र पाठवायला कधी आळस आलाय? नसती उठाठेव करू नकोस. पॉइंट राखून ठेव, पोरांच्या कोर्टाच्या तारखेला लागतील. आणि पैसे जड झाले असतील तर केझियाला बूट घे."

ती हसली. "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं!" म्हणाली. शनिवारी साठ डॉलरचे जांभळे बूट घेतले आणि फोटो मला दाखवला. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात आई.

सात महिन्यांनी शेरीफचा माणूस ट्रेलरच्या पायरीवर एक पाकीट देऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. तिच्या ओठांना रंग नव्हता. मी चष्मा लावून वाचलं. काउंटीनं कोर्टात केलेला अर्ज होता. मुलं काउंटीच्या ताब्यात असताना आईनं मागील सहा महिने ऐपत असूनही त्यांच्या सांभाळखर्चापोटी एक डॉलरही दिलेला नाही, सबब तिचे आई म्हणून असलेले सर्व हक्क कायमचे संपवावेत.

दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

"पण मागितले कुणी?" रोनेल म्हणत होती. "मिस आर्लेथा, मागितले कुणी?"

सरकारनं नेमून दिलेला वकील कोवळा पोरगा होता. कोर्टाच्या जिन्याखाली त्यानं आम्हाला दहा मिनिटं दिली. "कायद्याला मागावं लागत नाही," तो म्हणाला. "पोरांना पोसायचं असतं हे आईबापाला ठाऊकच असतं, असं धरून चालतात."

"आता भरले तर?"

"भराच. पण ते अर्जाच्या आधीचेच सहा महिने मोजणार."

"आणि बूट? कोट?"

"त्या भेटवस्तू झाल्या, मॅम."

रोनेलनं पाचवा पॉइंट घालवून खिडकी गाठली. पन्नास डॉलर महिना ठरला. खिडकीवर रोख घेत नाहीत, म्हणून मनी ऑर्डर, टपाल कचेरीत पैसे भरून मिळणारा चेकसारखा कागद. पुढच्या महिन्यापासून ती टपालानं पाठवू लागली आणि प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी ठेवू लागली. पण भीतीनं तिला पोखरलं. ट्रेलरबाहेर गाडी हळू झाली की पुन्हा शेरीफचा माणूस आला असं वाटून तिचा हात थांबायचा. एकदा सुरी हातमोज्यातून आत गेली तरी तिला कळलं नाही, रक्त मला आधी दिसलं. बुधवारी भेटीत ती पोरांना इतकी घट्ट धरायची की मायका म्हणायचा, "मॉम, सोड ना, दुखतंय." वहीवाली बाई तेही लिहून घ्यायची.

भीती मलाही होती. ती फक्त पोरांची नव्हती, हे कबूल करते. मला वाटायचं, एक दिवस ही डावीकडे वळेल आणि म्हणेल, तुम्हीच सांगितलं होतं. ती कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढले, साक्षीदार म्हणून, ईस्टरला चर्चमध्ये घालायची ठेवणीतली टोपी घालून. ठरवून गेले होते की पोरीची बाजू अशी मांडायची की जज्जाला पाझर फुटला पाहिजे.

काउंटीची वकीलबाई गोड आवाजाची, गळ्यात मोती. "मिस बून, रोनेल कामाला कशी आहे?"

"तिच्यासारखी दुसरी दाखवा! ताप असला तरी येते. जादा तास मिळाला की पहिला हात तिचा."

"म्हणजे पगार नियमित."

"दर शुक्रवारी. आणि एक पैसा स्वतःवर नाही! पोरीला साठ डॉलरचे बूट घेतले तिनं."

"साठ डॉलरचे," ती म्हणाली आणि कागदावर लिहिलं. त्या लिहिण्याकडे बघताना मला कळलं मी काय केलं ते. ऐपत होती, हे सिद्ध करायला त्यांना साक्षीदार हवा होता. तो मी झाले, टोपी घालून.

मग मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस जास्त बोलतं. मी ओरडले, "तिची चूक नाही! ती खिडकीवर जाणार होती. मीच सांगितलं जाऊ नको म्हणून. शिक्षा द्यायची तर मला द्या!"

वकीलबाई हळूच म्हणाली, "म्हणजे पैशांबद्दल विचारायचं असतं, हे तिला तेव्हाच माहीत होतं. धन्यवाद, मिस बून."

मी रोनेलकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, असू द्या अशी. ती मान मला आजही दिसते.

जज्ज म्हातारा होता, दुष्ट नव्हता. म्हणाला, या बाईनं मेहनत केली हे मला दिसतं. पण शून्य हा कुठल्याच खर्चाचा वाटा होत नाही. मुलं दोन वर्षं बंच कुटुंबात आहेत, ते त्यांना दत्तक घ्यायला तयार आहेत. मुलांना एकच घर हवं. हक्क संपले.

रोनेल उभी राहिली. "म्हणजे या बुधवारी चारलाच ना?" तिनं विचारलं. जज्जानं पुढची फाईल उघडली.

एक शेवटची भेट मिळाली. त्यात काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.

वकील म्हणाला होता, वरच्या कोर्टात अर्ज करू, वर्ष लागेल. तेवढ्यावर ती जगत होती. मग महिन्याच्या चार तारखेला तिची मनी ऑर्डर टपालानं परत आली. पहाटे पाळीच्या आधी ती माझ्या दाराशी उभी, पाचावर धारण बसलेली. "मिस आर्लेथा, घेतली नाही त्यांनी! आता हा महिना कोरा दिसेल. वरचे विचारतील, या महिन्यात का नाही भरलं?"

"पोरी, कोर्टाच्या दिवशी तुझा सहावा पॉइंट गेला. आज सातवा आहे."

"पॉइंट आता कशासाठी वाचवू?"

मी कोट चढवला. आठ वाजता आम्ही खिडकीवर पहिल्या होतो.

काचेमागच्या बाईनं नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि मनी ऑर्डर फटीतून परत सरकवली. "हे खातं बंद झालंय, मॅम. तुमचं काही देणं नाही."

"मागच्या महिन्याचं नाही. या महिन्याचं."

"कुठल्याच महिन्याचं नाही. तुमच्या नावावर आता मुलं दाखवत नाहीत."

"घ्या ना," रोनेल म्हणाली. "मी स्वतः देतेय. कुणी मागितलेले नाहीत."

त्या बाईनं खाली पाहिलं. "मला घेताच येत नाहीत, हनी." आमच्या मागे रांग झाली होती.

रोनेल कागद हातात धरून माझ्याकडे वळली. "मिस आर्लेथा, आता काय करू?"

मी तिचा कोपर धरला. आम्ही बाजूला झालो आणि मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.